लाल परकराच्या चिंध्या

"काठी उपटा, बाईदेउ," पेगूदा म्हणाला.

मी ती नुकतीच रोवली होती. छातीएवढी बांबूची काठी, टोकाला चुन्याचा पट्टा आणि त्यावर काळ्या रंगात आकडा. समोर गेंड्याच्या लिदीचा ढीग होता, गुडघ्याइतका उंच आणि चांगल्या खोलीएवढा पसरलेला.

"का? मला उद्या हाच ढीग परत सापडायला हवा."

"मी आहे ना दाखवायला."

"आणि तुम्ही नसाल तेव्हा?"

"तेव्हा कॅम्पवर बसून बिया मोजा," असं म्हणून त्याने काठी स्वतःच उपटली आणि गुडघ्यावर कडकन मोडली. "खूण एकदा केली की ती सगळ्यांची होते. तुम्हाला दिसते, तशी त्यांनाही दिसते."

'त्यांना' म्हणजे शिंगासाठी गेंडे मारणाऱ्यांना. आमचं बोलणं तोडक्यामोडक्या हिंदीत चालायचं, मध्ये त्याचे असमिया शब्द आणि माझे मराठी. इथे मी ते मराठीतच सांगते. बाईदेउ म्हणजे ताई. वयाने तो माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठा, तरी मी ताई.

ही गोष्ट सत्त्याण्णव सालची. ब्रह्मपुत्रेच्या काठच्या एका अभयारण्यात मी पीएच.डी.चं काम करत होते. अभयारण्याचं नाव सांगत नाही. माझा विषय ऐकून मिरजेला आमच्याकडे पाहुणे हातातला चहा खाली ठेवायचे. गेंडा पेटारी नावाच्या झाडाची फळं खातो, त्या बिया त्याच्या पोटातून सुखरूप बाहेर पडतात आणि लिदीत रुजतात. किती रुजतात, कुठे रुजतात, हे मी मोजत होते. "आमची हेमांगी आसामात शेण चिवडते," असं आई सांगायची आणि वर हसायची, म्हणजे लोकांनी हसायच्या आधी आपलं हसून झालेलं बरं.

गेंडा वाटेल तिथे लीद टाकत नाही. ठरलेल्या जागी येतो, ढिगाकडे पाठ करून उभा राहतो, काम उरकतो आणि निघतो. त्याचे डोळे अधू. पंचवीस पावलांवर माणूस स्तब्ध उभा राहिला तर त्याला तो खांब वाटतो. पण नाक असं की ढिगापाशी येऊन एकदा हुंगलं की कोण येऊन गेलं, कुठली मादी माजावर आहे, कोण नवखा नर या भागात शिरलाय, सगळं कळतं. आपल्याकडे पारावर बसून गावाची खबर घेतात तसंच. आणि हे शिकाऱ्यांनाही पक्कं ठाऊक असतं. गेंड्यामागे धावायची गरजच नाही. सध्या वापरातला ढीग कुठला एवढं कळलं की बंदूक घेऊन वाट बघत बसायचं.

म्हणून पेगूदाचा नियम होता की जागा डोक्यात ठेवायच्या. कागदावर नाहीत, जमिनीवर नाहीत. त्याच्या डोक्यात त्या अकराच्या अकरा होत्या, वाटांसकट.

मला ते पटत नव्हतं. माझे वडील भूमी अभिलेख खात्यात मोजणीदार होते. आमच्या घरी खुंटाशिवाय जमीन नसते आणि लाल झेंडीशिवाय मोजणी नसते. अमक्याच्या स्मरणावर विसंबून केलेलं काम म्हणजे बाबांच्या भाषेत 'अंदाजपंचे दाहोदरसे'. तरी मी कबूल केलं. "बरं, नाही करत खुणा," म्हटलं. कारण रायफल खांद्यावर घेऊन तो पुढे चालायचा म्हणून मी जिवंत होते. दोनदा गेंडीण अंगावर आली तेव्हा मला धरून झाडामागे ओढणारा तोच होता.

नरेश्वर पेगू. मिसिंग जमातीचा, नदीपलीकडच्या गावचा. चौदा वर्षं रोजंदारीवर वनरक्षकाचं काम करत होता. त्या वर्षी जुन्या रोजंदारांना कायम करायची यादी निघाली होती आणि तिच्यात त्याचं नाव तिसरं होतं. मार्चअखेर हुकूम येणार होता. दर दोन दिवसांनी तो मला विचारायचा, "बाईदेउ, कायम झालं की टोपीवर पितळी बिल्ला मिळतो ना?" मी म्हणायची, "मिळतो. मग तुम्हाला सलाम मला ठोकावा लागेल." तो मिशीतल्या मिशीत हसायचा.

त्याचा सगळ्यात लाडका प्राणी म्हणजे कानफाटी. डावा कान फाटलेली गेंडीण, दीड वर्षाचं पिल्लू घेऊन फिरणारी. सोळा महिने पोटात वाढवलेलं पिल्लू ती तीन-चार वर्षं अंगाशी ठेवते. पेगूदा म्हणायचा, "माझ्या बायकोनंही एवढं केलं नाही." कानफाटी रोज पहाटे अकराव्या ढिगावर यायची. तो सगळ्यात लांबचा, पाणथळीच्या पलीकडे, नदीच्या बाजूला.

फेब्रुवारीच्या मध्याला मिसिंग लोकांचा पेरणीचा सण असतो. पेगूदा दहा दिवसांच्या सुट्टीवर गेला. जाताना बजावून गेला, "पाणथळीपलीकडे जाऊ नका. मी आल्यावर बघू."

बदली म्हणून दास नावाचा वनरक्षक आला. तो दुसऱ्या विभागातला, त्याला इथलं काही ठाऊक नव्हतं. नेमकं त्याच आठवड्यात माझ्या बिया रुजायला लागल्या. ताजी लीद कोणत्या दिवशी पडली आणि कोंब कोणत्या दिवशी फुटला, हे एका दिवसानेही चुकून चालणार नव्हतं. पहिल्या दिवशी आम्ही दोन तास हिंडलो आणि चारच ढीग सापडले. दुसऱ्या दिवशी अकरा सापडले, पण परत सापडतील याची खात्री नव्हती. खात्याने दरवर्षीप्रमाणे गवत नुकतंच जाळलेलं, सगळीकडे काळी राख, दिशाच कळेना.

मग मी माझा जुना लाल परकर काढला आणि त्याच्या अकरा चिंध्या फाडल्या. अकरा काठ्या रोवल्या. जिथे ताजी लीद असेल तिथे चिंधी बांधायची, जुनी झाली की सोडायची. झकास पद्धत. दास म्हणाला, "मॅडम, ही चांगली आयडिया आहे." मला काय आनंद झाला! बाबांना पत्रातसुद्धा लिहिलं की तुमची लाल झेंडी ब्रह्मपुत्रेपर्यंत पोचली. त्या काळ्या राखेवर त्या चिंध्या कपाळावरच्या कुंकवासारख्या लांबून दिसायच्या. मला वाटलं, दिसायलाच हव्यात की.

पेगूदा यायच्या आदल्या दिवशी संध्याकाळी मी त्या काढायला निघाले. त्याने बघू नयेत म्हणून. ताकाला जाऊन भांडं लपवण्यातला प्रकार. आठ काढल्या. उरलेल्या तीन पाणथळीपलीकडे होत्या. गेंडे चरायला बाहेर पडायची वेळ झाली होती, दास कुरकुरायला लागला, माझेही पाय भरून आले होते. म्हटलं, उद्या.

दुसऱ्या दिवशी पहाटे पेगूदा होडीतून उतरला. त्याच होडीतून दास गेला. पेगूदाने घरून पानात गुंडाळून शिजवलेला चिकट भात आणला होता. "खा, बायकोनं खास तुमच्यासाठी दिलाय," म्हणाला. मी पान सोडवत होते. चहा उकळत होता. तेवढ्यात पाणथळीपलीकडून दोन बार ऐकू आले, लागोपाठ.

पेगूदाने रायफल उचलली आणि धावत सुटला. मी मागे.

पोचायला पाऊण तास लागला. अकराव्या ढिगापाशी कानफाटी कुशीवर पडली होती. नाकावर शिंगाच्या जागी लाल खड्डा. कुऱ्हाडीने मुळापासून काढलं होतं. त्या घावांपर्यंत ती जिवंत असावी, कारण पायांनी जमीन उकरलेली दिसत होती. शिंग म्हणजे हाडसुद्धा नाही. आपल्या नखांत आणि केसांत जे असतं तेच. पिल्लू तिच्या पोटाला लागून उभं होतं. ते एक बारीक शीळ घातल्यासारखा आवाज काढत होतं आणि सडाला तोंड लावत होतं. दूध येईना, की मग पुन्हा शीळ. मी त्याआधी आणि त्यानंतर पुष्कळ मेलेली जनावरं पाहिली, पण तो आवाज माझ्या कानातून गेला नाही.

जवळच न जळलेल्या गवताचा एक पट्टा होता. त्यात माणसं झोपून गवत दबलेलं, विड्यांची थोटकं, केळीची पानं. रात्रभर बसून होते ते. पेगूदा एकदा तिकडे बघून नदीच्या दिशेने पळाला. आणि माझ्यासमोर, ढिगाच्या कडेला, माझ्या परकराची चिंधी वाऱ्यावर हलत होती. चार दिवसांपूर्वी मीच घट्ट गाठ मारून बांधलेली.

मी गाठ सोडली. सुटेना, म्हणून दातांनी तोडली. चिंधी झोळीत कोंबली, काठी उपटून पाणथळीत फेकली. विचारबिचार काही केला नाही. हात आपोआप चालले. उरलेल्या दोन दुसऱ्या दिवशी पंचनाम्याच्या गडबडीत काढल्या.

पेगूदा परत आला तेव्हा त्याचे पाय मांडीपर्यंत चिखलाने भरले होते. "होडीतून गेले," एवढंच म्हणाला आणि कानफाटीच्या डोक्यापाशी खाली बसला.

दुपारी रेंजर हजारिकासाहेब आले. माणूस वाईट नव्हता, पण वरून दोन फोन येऊन गेले होते. त्यांनी त्या गवताच्या पट्ट्यापाशी उभं राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "हे हिंडता हिंडता सापडलेलं नाही. यांना नेमका ढीग माहीत होता. कुणीतरी आतल्या माणसाने सांगितलंय." मग माझ्याकडे वळले. "मॅडम, या जागा कुणाकुणाला माहीत होत्या?"

मी म्हणाले, "मला. आणि पेगूदांना. त्यांना सगळ्या पाठ होत्या."

यातला एकही शब्द खोटा नव्हता. शाळेत सत्यवचनाबद्दल बक्षीस मिळावं इतकं खरं वाक्य. साहेबांनी पेगूदाकडे पाहिलं.

"दहा दिवस कुठे होतास?"

"घरी, साहेब. सणाला."

"कुणाला सांगितलंस?"

पेगूदाने एकदम 'नाही' म्हणायला हवं होतं. मी मनातल्या मनात ओरडत होते, म्हण ना, नाही म्हण! तो खाली मान घालून उभा राहिला आणि बऱ्याच वेळाने म्हणाला, "काय सांगू, साहेब."

मला वाटलं, अपमानाने त्याची वाचा बसली.

संध्याकाळी त्याची रायफल काढून घेतली. रोजंदारीच्या माणसाला काढायला कागद लागत नाही. उद्यापासून येऊ नको म्हटलं की झालं. यादीतलं तिसरं नाव खोडलं. पाच दिवस पोलीस ठाण्यातही बसवलं. त्या संध्याकाळी कॅम्प सोडून जाताना तो माझ्या खोलीच्या पायरीशी आला.

"बाईदेउ, साहेब तुमचं ऐकतात. एकदा माझ्यासाठी शब्द टाकाल?"

"उद्या बोलते," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी बाजारात जाऊन एसटीडी बूथवरून पुण्याला माझ्या मार्गदर्शकांना, फाटकसरांना फोन लावला. रडत रडत सगळं सांगितलं. ते शांत होते.

"चिंध्यांबद्दल तुला कुणी विचारलं का?"

"नाही, सर."

"मग कशाला आपण होऊन विस्तवात हात घालतेस? परवाना रद्द होईल. तीन वर्षांचं काम जाईल. आणि पुढच्या मुलांनासुद्धा तिथे कुणी उभं करणार नाही. गेंडीण काही परत येणार आहे का?"

"पण सर, तो माणूस..."

"स्थानिक आहे, त्याचं काहीतरी होईल. निवळेल सगळं. तू मोजणी पूर्ण कर."

सरांना दोष देण्यात अर्थ नाही. मला हवं होतं तेच ते बोलले. दुसरं काही बोलले असते तर मी कदाचित दुसऱ्या कुणाला फोन लावला असता. दासही गप्प राहिला, त्यालाही नोकरी होती. मी मोजणी पूर्ण केली. एकशे बेचाळीस कोंब. पिल्लाला पकडून शहरातल्या प्राणिसंग्रहालयात धाडलं. माझा प्रबंध झाला, नोकरी लागली, कॉलेजात मी गेंड्यावर छान शिकवते असं मुलं म्हणायची. दरवर्षी फेब्रुवारीत मी ठरवायची की यंदा पत्र लिहायचं.

लिहिलं ते अकराव्या वर्षी. गुवाहाटीला परिसंवादाचं बोलावणं आलं तेव्हा. वनखात्याच्या नावे तीन पानं, खाली सही. चिंध्या माझ्या, काठ्या माझ्या, नरेश्वर पेगूचा काहीही दोष नाही. आधी त्याला वाचून दाखवायचं आणि मग टपालात टाकायचं, असं ठरवलं होतं. त्याचं गाव नदीने खाल्लं होतं. विचारत विचारत बांधावरच्या नव्या वस्तीत पोचले. बांबूच्या खांबांवर उभं घर, खाली डुकरं, वर सोप्यात पेगूदा जाळं विणत बसलेला.

"बाईदेउ!" तो उठला. मिशी सगळी पांढरी झाली होती. "केवढ्या जाड झालात!" मग आत हाक मारली, "अगं, त्या शेणवाल्या बाईदेउ आल्या."

वहिनी बाहेर आल्या, हसल्या, मला पाट दिला आणि शेजारीच मासे साफ करायला बसल्या.

"पेगूदा, मी त्या वेळी साहेबांशी बोलले नाही."

"बरं केलंत," तो म्हणाला. "साहेबांचं चुकलं नव्हतं. चूक माझीच होती."

मला कळेचना. तो जाळ्याची गाठ ओढत सांगत राहिला.

"सणाला घरी आलो होतो ना, तांदळाची दारू जरा जास्त झाली. मेहुणा होता बरोबर, लखेश्वर. हिचा भाऊ. लहानपणापासून आम्ही एका होडीतले. त्याला म्हटलं, आमची कानफाटी पोराला घेऊन रोज पहाटे पाणथळीपलीकडच्या ढिगावर येते. कौतुकानं सांगितलं हो. चार दिवसांनी ती मेली. साहेबांनी विचारलं, कुणाला सांगितलंस, तेव्हा मला तेच आठवलं. खोटं कसं बोलू? आणि मेहुण्याचं नाव तरी कसं घेऊ?"

वहिनींची सुरी थांबली होती.

"तो आयुष्यभर शपथा घालत राहिला. पोरांच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, मी कुणाला सांगितलं नाही. मी ऐकलं नाही. हिलाही त्याच्या दारात पाय टाकू दिला नाही. गेल्या पावसाळ्यात वारला. मी मातीला गेलो नाही." त्याने जाळं बाजूला ठेवलं. "तुम्ही कशाला आला होतात, बाईदेउ?"

कागद माझ्या हातात होता. खोटं कशाला सांगू, तो परत पर्समध्ये घालावा असं मनात आलं. सहज भेटायला आले म्हणावं, मासे खावेत आणि जावं. अकरा वर्षांची सवय होती मला.

पण मी सांगितलं. परकर, चिंध्या, दास, आठ काढल्या आणि तीन ठेवल्या, दातांनी तोडलेली गाठ. सगळं.

पेगूदा बराच वेळ मान हलवत राहिला. "नाही. तुम्ही मला बरं वाटावं म्हणून सांगताय. तुमचं मन मोठं आहे."

"माझं मन मोठं असतं तर तेव्हाच सांगितलं असतं, पेगूदा."

"नाही, बाईदेउ." त्याचा आवाज फाटला. "तसं नका सांगू. नोकरीचं काही नाही, नोकरी गेली तर गेली. पण मग लखेश्वरचं काय? मी त्याच्या मातीला गेलो नाही. सांगा, त्याच्याकडूनच फुटलं ना? त्या चिंध्या कुणी पाहिल्या असतील, नसतील. सांगा ना तसं."

मी वहिनींकडे पाहिलं. त्या माझ्याकडेच बघत होत्या. "पुन्हा सांगा," त्या म्हणाल्या. "ते चिंधीचं. नीट सांगा."

मी पुन्हा सांगितलं. या वेळी कुणाकडे न बघता. ते चार दिवस चिंधी नदीवरून दिसत होती, ताजा ढीग कुठला हे ती चिंधीच सांगत होती, आणि कुणी काही सांगायची गरजच नव्हती. शेवटी म्हणाले, "तुमच्या भावाने काही केलं नव्हतं, वहिनी."

वहिनींनी हात धुतले. आत जाऊन अंगावर पांघरायची चादर बदलून आल्या. पायऱ्या उतरताना नवऱ्याला म्हणाल्या, "मी भावजयीकडे जाते." विचारलं नाही, सांगितलं.

पेगूदा उठला नाही. तो तोंडावर हात घेऊन मोठ्याने रडत होता. मी त्याच्या खांद्याला हात लावायला गेले तर त्याने तो दूर केला, रागाने नव्हे, नुसता दूर केला.

"तुम्ही जा हिच्याबरोबर," तो म्हणाला. "मला तिथे तोंड दाखवायची सोय नाही. तिथेही सांगा. जसं इथे सांगितलंत तसं."

मी चपला घातल्या. वहिनी बांधावरून बऱ्याच पुढे गेल्या होत्या, माझ्यासाठी थांबल्या नाहीत. मी कागद हातात धरून त्यांच्या मागे चालायला लागले.